महामंदीचा चेहरा टिपणारी डोरोथिया लँग

एखाद्या कलावंताचे सारे आयुष्य एकाच कलाकृतीच्या नावे जमा व्हावे, हे त्याचे भाग्य म्हणायचे की दुर्दैव, हे ठरवणे अवघड असते. अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँग यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच टोचतो. १९३६ च्या मार्च महिन्यात कॅलिफोर्नियातील निपोमो गावाजवळ त्यांनी एका मजूर स्त्रीचे छायाचित्र टिपले. 'मायग्रंट मदर' म्हणजे 'स्थलांतरित माता' या नावाने ते जगभर गेले, पाठ्यपुस्तकांत छापले गेले, टपाल तिकिटावर आले आणि १९३० च्या दशकातील महामंदीचे जणू अधिकृत चित्र होऊन बसले. त्या एका चित्रामागे लँग यांची उरलेली सारी कामगिरी झाकली गेली. त्या चित्रातील स्त्रीला त्यातून काय मिळाले आणि इतरांच्या मोडलेल्या संसारांची नोंद करीत फिरणाऱ्या लँग यांच्या स्वतःच्या घराने त्याची कोणती किंमत मोजली, हे प्रश्नही बराच काळ कोणी विचारले नाहीत.

लँग यांचा जन्म २६ मे १८९५ रोजी न्यू जर्सी राज्यातील होबोकन येथे झाला. मधे हडसन नदी आणि पलीकडच्या तीरावर न्यूयॉर्क, असे हे बंदराचे गाव. जन्मनाव डोरोथिया मार्गारेटा नुट्झहॉर्न. घराणे मूळचे जर्मन, वडील वकील. सातव्या वर्षी डोरोथियाला पोलिओ झाला. या रोगावरील लस येण्यास तेव्हा अजून अर्धे शतक अवकाश होता. मुलगी वाचली, पण तिचा उजवा पाय कायमचा अधू झाला. सोबतची मुले तिला लंगडी म्हणून चिडवीत. त्याहून अधिक लागे ते आईचे वागणे. चारचौघांत मुलीने शक्य तितके सरळ चालावे, असा तिचा आग्रह असे. त्या आग्रहामागची लाज मुलीला कळत होती आणि ती तिने आयुष्यभर विसरली नाही.

ती बारा वर्षांची असताना वडील घर सोडून निघून गेले. या प्रसंगाविषयी पुढे तिने अगदी जवळच्या माणसांपाशीही तोंड उघडले नाही. संसाराचा भार आईवर आला. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागातील सार्वजनिक ग्रंथालयात आईला नोकरी मिळाली आणि मुलीचे नावही तिथल्याच शाळेत घातले गेले. रोज सकाळी मायलेकी फेरीबोटीने नदी ओलांडत. युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांनी ती वस्ती खच्चून भरलेली होती. शाळा सुटल्यावर ग्रंथालयाच्या खिडकीतून समोरच्या चाळींतील जगणे न्याहाळत बसणे, हा या एकट्या मुलीचा उद्योग झाला. परतीच्या वाटेवर बावरी नावाची दारुड्यांची आणि बेघरांची पेठ लागे. तिथून जाताना आपल्याकडे कोणाचेच लक्ष जाऊ नये अशा बेताने चेहरा निर्विकार ठेवून चालण्याची कला तिने आत्मसात केली. छायाचित्रकाराचे शिक्षण म्हणून या दोन गोष्टींहून उपयोगी काही तिला पुढे कोणत्याही वर्गात मिळाले नाही.

शालेय शिक्षण संपल्यावर आपण छायाचित्रकार होणार, असे तिने घरी जाहीर केले. तोवर तिच्याकडे स्वतःचा कॅमेरा नव्हता आणि तिने एकही छायाचित्र काढलेले नव्हते. न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरील नामांकित व्यक्तिचित्रकार आर्नोल्ड गेन्थ यांच्या स्टुडिओत तिने उमेदवारी केली. तिचा पहिला कॅमेराही गेन्थ यांनीच तिला दिला. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात क्लॅरेन्स व्हाइट यांच्या वर्गातही ती बसली. १९१८ साली एका मैत्रिणीसोबत ती जगप्रवासाला निघाली खरी, पण सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचताच चोरट्याने दोघींचे पैसे लांबवले आणि जगप्रवास तिथेच संपला. फोटो धुऊन देणाऱ्या एका दुकानात तिला काम मिळाले. वडिलांचे नाव टाकून आईचे माहेरचे आडनाव तिने याच सुमारास लावले. नुट्झहॉर्नची लँग झाली ती अशी.

पुढच्याच वर्षी, १९१९ मध्ये, लँग यांनी शहरात स्वतःचा स्टुडिओ थाटला. सॅन फ्रान्सिस्कोतील धनिक घराणी तिथे येऊ लागली. कामात नजाकत होती आणि पैसाही बरा मिळत होता. १९२० साली त्यांनी मेनार्ड डिक्सन यांच्याशी विवाह केला. पश्चिम अमेरिकेच्या वाळवंटांची आणि तिथल्या मूळ रहिवाशांची चित्रे काढणारे डिक्सन हे तेव्हाचे प्रसिद्ध चित्रकार, वयाने लँग यांच्याहून वीस वर्षांनी मोठे. डॅनियल आणि जॉन ही दोन मुले या विवाहातून झाली. डिक्सन चित्रांसाठी महिनोन्‌महिने फिरतीवर असत आणि घर बरेचसे लँग यांच्या कमाईवर चाले.

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. त्यानंतरच्या घसरणीची कल्पना आज नुसत्या आकड्यांवरूनही येऊ शकते. १९३० ते १९३३ या काळात अमेरिकेतील सुमारे नऊ हजार बँका बुडाल्या. १९३३ साली काम मागणाऱ्या दर चार माणसांपैकी एक बेकार होता. छायाचित्र काढून घेणे आणि चित्र विकत घेणे या दोन्ही चैनीच्या गोष्टी, त्यामुळे या दांपत्याला मंदीची झळ लवकर पोहोचली. काही महिने न्यू मेक्सिकोतील टाओस या गावी काढून ते परतले, तेव्हा वेगळे घर भाड्याने घेणे परवडेना. पतीने आपल्या स्टुडिओत आणि पत्नीने आपल्या स्टुडिओत मुक्काम हलवला आणि मुलांना पैसे देऊन परक्यांच्या घरी ठेवण्यात आले. थोरला तेव्हा सात वर्षांचाही नव्हता, धाकटा चार वर्षांचाही नव्हता. या ताटातुटीचे दुःख लँग यांना अखेरपर्यंत पुरले. त्या दुःखातूनच आपण अधिक जोमाने कामाला लागलो, अशीही त्यांची स्वतःची समजूत होती.

स्टुडिओच्या खिडकीतून खालचा रस्ता दिसे. गिऱ्हाईक नसलेल्या दुपारी लँग तिथे उभ्या राहत. काम नसलेली माणसे कोपऱ्यावर येऊन घुटमळत, कुठे जावे हे न कळून पुन्हा मागे वळत. आत चाललेले काम आणि बाहेर चाललेले जग यांचा एकमेकांशी संबंध उरलेला नाही, ही जाणीव त्यांना बेचैन करू लागली. जवळच 'व्हाइट एंजल' या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या एका श्रीमंत स्त्रीने बेकारांसाठी अन्नछत्र चालवले होते. १९३३ साली एके दिवशी धाकट्या भावाला सोबतीला घेऊन लँग तिथल्या रांगेपाशी गेल्या. चिडलेल्या, भुकेल्या पुरुषांच्या त्या गर्दीत कॅमेरा घेऊन शिरणे तेव्हा शहाणपणाचे मानले जात नसे.

त्या दिवशी मिळालेले 'व्हाइट एंजल ब्रेडलाइन' हे छायाचित्र आजही पाहणाऱ्याला खिळवून ठेवते. सारी गर्दी पाठमोरी आहे. हॅटी आणि कोट यांचा नुसता दाट समूह. त्यातला एकच वृद्ध इकडे वळून लाकडी कठड्यावर रेलला आहे. हॅटीच्या कडेने त्याचे डोळे झाकले आहेत, हात एकमेकांत गुंफलेले आहेत आणि दोन्ही बाहूंच्या मधे एक रिकामा पत्र्याचा डबा आहे. भूक, अपमान, थकवा यांपैकी कशाचाही देखावा या चित्रात नाही. चेहरा अर्धा दिसतो आणि उरलेला पाहणाऱ्याने स्वतःशी पुरा करायचा असतो. लँग यांनी ते छापून स्टुडिओच्या भिंतीवर लावले. या असल्या चित्रांचे पुढे काय करणार, असे तिथे येणारे विचारीत आणि लँग यांच्याकडेही तेव्हा त्याचे उत्तर नव्हते.

उत्तर एका अर्थशास्त्रज्ञाकडून मिळाले. १९३४ साली सॅन फ्रान्सिस्कोत गोदी कामगारांचा मोठा संप झाला आणि जुलैत तो सार्वत्रिक झाला. त्या वर्षातील निदर्शनांची आणि बेकारांची लँग यांची छायाचित्रे ओकलंडच्या एका छोट्या कलादालनात मांडली गेली. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक पॉल टेलर यांनी ती पाहिली. मेक्सिकोतून येणाऱ्या शेतमजुरांचा टेलर यांनी अनेक वर्षे अभ्यास केला होता. वातानुकूल ग्रंथालयात बसून अर्थशास्त्र लिहिण्यापेक्षा मजुरांशी त्यांच्या भाषेत बोलून लिहिणारे हे गृहस्थ. मंत्र्यासंत्र्यांना आकडे पटत नाहीत, चेहरे पटतील, हे त्यांनी ओळखले. १९३५ साली राज्याच्या मदतकार्य खात्यासाठी त्यांनी लँग यांना कामावर घेतले. छायाचित्रकाराचे पद खात्यात मंजूर नव्हते, म्हणून कागदोपत्री त्यांची नेमणूक टंकलेखिका म्हणून झाली. सरकारी कारभार सर्वत्र सारखाच असतो, याचा हा एक पुरावा.

टेलर यांचा मजकूर आणि लँग यांची चित्रे एकत्र बांधलेल्या त्या अहवालांचा परिणाम झाला. शेतमजुरांसाठी स्वच्छ पाणी, संडास आणि राहण्याची सोय असलेले सरकारी तळ मेरिसव्हिल आणि आर्विन येथे उभे राहिले. दोघांच्या खासगी आयुष्यातही उलथापालथ झाली. आपापल्या जोडीदारांपासून घटस्फोट घेऊन डिसेंबर १९३५ मध्ये टेलर आणि लँग विवाहबद्ध झाले. टेलर यांची तीन मुले, लँग यांची दोन. नव्या संसारात पाच मुले एकत्र यायला हवी होती. प्रत्यक्षात आईबापांच्या दौऱ्यांसाठी त्यांना पुन्हा काही काळ इतरांच्या घरी राहावे लागले. लँग यांच्या चरित्रकारांनी या विषयावर बरेच लिहिले आहे. पुरुष छायाचित्रकारांच्या मुलांविषयी मात्र इतक्या आस्थेने कोणी चौकशी केल्याचे आढळत नाही, हेही इथे नोंदवायला हवे.

याच वर्षी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने 'रिसेटलमेंट ॲडमिनिस्ट्रेशन' हे खाते स्थापन केले. १९३७ साली त्याचे नाव 'फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन' झाले. कर्जात बुडालेल्या, जमिनीवरून उखडलेल्या शेतकऱ्यांना उभे करणे, हे त्याचे काम. या कामावर पैसा का खर्च करायचा, हे शहरी मतदारांना आणि लोकप्रतिनिधींना पटवण्यासाठी वॉशिंग्टनमधील अधिकारी रॉय स्ट्रायकर यांनी छायाचित्रकारांची एक तुकडी उभारली. वॉकर इव्हान्स, बेन शान, आर्थर रॉथस्टाइन, रसेल ली अशी पुढे गाजलेली मंडळी तीत होती. वृत्तपत्रांना चित्रे फुकट पुरवली जात. अर्थात हा प्रचारच होता. पण जे दाखवले जात होते ते खोटे नव्हते आणि एरवी ते पाहायला कोणीही तिकडे फिरकले नसते.

१९३६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लँग एकट्याच मोटार घेऊन महिनाभर दक्षिण कॅलिफोर्नियात फिरत होत्या. दौरा संपला होता. पावसात त्या घराच्या दिशेने निघाल्या होत्या. वाटेत निपोमोजवळ वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी दिसली आणि मागे पडली. पुरेशी चित्रे गाठीशी आहेत, थांबण्याची गरज नाही, असे स्वतःला समजावीत त्यांनी वीस मैल पार केले आणि मग गाडी वळवली. तळावर दोन-अडीच हजार माणसे अडकली होती. पीक थंडीने गोठून गेले होते. तोडणी नाही म्हणजे मजुरी नाही आणि पुढच्या गावाला जायला पेट्रोलचे पैसेही नाहीत.

एका उघड्या राहुटीत एक स्त्री आपल्या मुलांना घेऊन बसली होती. लँग पावला-पावलाने जवळ गेल्या आणि मोजकीच चित्रे घेतली. दर चित्रात अंतर कमी होत गेले. शेवटच्या चित्रात राहुटी, सामान, चिखल सारे गळून पडले आहे. दोन मुले आईच्या दोन्ही खांद्यांवर तोंड लपवून पाठमोरी उभी, मांडीवर तान्हे मूल आणि मधोमध हनुवटीपाशी हात नेलेल्या आईचा चेहरा. ती कॅमेऱ्याकडे पाहत नाही. तिचे वय ३२ होते. मळ्यातील गोठलेल्या भाज्या आणि मुलांनी मारलेली पाखरे यांवर हे कुटुंब जगत आहे, अशी नोंद लँग यांनी केली. सारा प्रसंग दहा मिनिटांत आटोपला. नाव विचारायचे राहून गेले. एरवी भेटलेल्या माणसाची मजुरी, आधीचे गाव, सोडलेल्या जमिनीचे एकर बारकाईने लिहून ठेवणाऱ्या लँग यांच्याकडून हे घडावे, याचे आश्चर्य वाटते.

लँग यांनी 'सॅन फ्रान्सिस्को न्यूज' या दैनिकाला ही माहिती कळवली. १० मार्चच्या अंकात बातमी आणि या तळावरील छायाचित्रे आली, पाठोपाठ गाजलेले चित्रही छापले गेले आणि केंद्र सरकारने तळावर २० हजार पौंड म्हणजे सुमारे नऊ टन अन्न धाडले. छायाचित्राने माणसांचे प्राण वाचवल्याचे उदाहरण म्हणून ही हकीकत नेहमी सांगितली जाते आणि ती खरीही आहे. फक्त अन्न पोहोचले तेव्हा चित्रातील कुटुंब तिथे नव्हते. ते कामाच्या शोधात पुढे निघून गेले होते.

त्या स्त्रीचे नाव जगाला १९७८ साली कळले. कॅलिफोर्नियातील मॉडेस्टो येथील एका स्थानिक वार्ताहराने फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन यांना शोधून काढले. त्या चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीच्या होत्या. ओक्लाहोमात जन्मलेल्या थॉम्पसन धुळीच्या वादळांच्या कितीतरी आधी, १९२० च्या दशकातच, कॅलिफोर्नियात आल्या होत्या. १९३१ साली पती वारल्यावर कापूस आणि भाजीपाला तोडून त्यांनी मुले वाढवली होती. ज्यांना दुष्काळाने हुसकावलेल्या गोऱ्या शेतकरी स्त्रीचे प्रतीक मानले जात होते, त्या मुळात तशा नव्हत्याच. गाडीचे टायर विकून अन्न आणल्याची लँग यांची नोंदही कुटुंबाने नाकारली. त्यांच्या सांगण्यानुसार गाडी नादुरुस्त झाल्यामुळे ते तिथे थांबले होते आणि त्याच टायरांवर पुढे गेले होते. या चित्रातून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही आणि ते काढलेच नसते तर बरे झाले असते, अशी थॉम्पसन यांची भावना होती.

कायद्याने पाहता पैसा लँग यांनाही मिळाला नव्हता. चित्र सरकारचे, म्हणजे सर्वांच्या मालकीचे होते. पण लँग यांना कीर्ती मिळाली आणि थॉम्पसन यांच्या वाट्याला दारिद्र्याचा शिक्का आला, हा फरक लहान नाही. १९८३ साली थॉम्पसन पक्षाघात आणि कर्करोगाने अंथरुणाला खिळल्या. औषधोपचारांचा खर्च झेपेना तेव्हा मुलांनी वृत्तपत्रातून मदतीचे आवाहन केले. देशभरातून सुमारे ३५ हजार डॉलर आणि पत्रांचा ढीग आला. त्या पत्रांतून आपल्या आईचा चेहरा लोकांना धीर देत आला होता, हे मुलांना प्रथमच कळले. त्याच सप्टेंबरमध्ये थॉम्पसन यांचे निधन झाले. १९९८ मध्ये लँग यांच्या हस्ताक्षरातील टिपणासह या चित्राची एक प्रिंट लिलावात २ लाख ४४ हजार ५०० डॉलरला विकली गेली.

लँग यांच्या कामाची पद्धत निपोमोच्या घाईवरून ओळखता येत नाही. त्या सहसा सावकाश जात. कॅमेरा न लपवता हातात धरून वस्तीत शिरत, प्यायला पाणी मागत, आपण कोण आणि कशासाठी आलो हे सांगत. मुलांना कॅमेरा हाताळू देत. अधू पायाने जड कॅमेरा सांभाळत येणाऱ्या या बाईची कोणाला भीती वाटत नसे आणि ही गोष्ट त्या स्वतः जाणून होत्या. टेलर एकीकडे शेतकऱ्याला बोलते करीत, दुसरीकडे लँग चित्र घेत. गाडीत परतल्यावर ऐकलेले शब्द जसेच्या तसे वहीत उतरत.

यातून तयार झालेल्या चित्रांची नुसती आठवण काढली तरी त्यांचा आवाका ध्यानात येतो. १९३७ च्या एका चित्रात दोन माणसे पिशव्या घेऊन लॉस एंजेलिसच्या रस्त्याने पायी चालली आहेत आणि शेजारी रेल्वेने आरामात प्रवास करण्याचा सल्ला देणारा जाहिरातीचा भलामोठा फलक आहे. १९३८ साली टेक्सासमध्ये घेतलेल्या चित्रात एक ओसाड घर आहे आणि त्याच्या भिंतीपर्यंत नांगराच्या सऱ्या येऊन भिडल्या आहेत. माणूस कुठेच नाही. सरकारी अनुदानातून जमीनमालकांनी ट्रॅक्टर घेतले आणि पिढ्यान्‌पिढ्या बटईने कसणारी कुळे निघून गेली, ही सारी अर्थव्यवस्था त्या सऱ्यांत वाचता येते. टेलर यांनी तोच मुद्दा मांडायला पाने खर्ची घातली.

दक्षिणेतील कापसाच्या पट्ट्यातील काम अधिक अस्वस्थ करणारे आहे. मिसिसिपीतील १९३६ च्या एका चित्रात मोटारीवर पाय रोवून उभा असलेला गोरा मळेवाला आणि त्याच्या मागे दुकानाच्या पायऱ्यांवर बसलेले कृष्णवर्णीय मजूर आहेत. कोण मालक आणि कोण वेठबिगार, हे सांगायला शब्द लागत नाही. दोन वर्षांनी 'लँड ऑफ द फ्री' या पुस्तकात हे चित्र छापले गेले तेव्हा मागचे मजूर कापून टाकण्यात आले होते. उरला तो स्वतंत्र बाण्याचा अमेरिकी शेतकरी! गोऱ्यांची गरिबी वर्तमानपत्रांत खपते, इतरांची खपत नाही, असा स्ट्रायकर यांचाही व्यवहारी हिशेब होता. लँग यांनी मेक्सिकन, फिलिपिनो, कृष्णवर्णीय मजुरांची काढलेली कितीतरी चित्रे त्यामुळे फायलींतच राहिली.

१९३९ साली टेलर आणि लँग यांचे 'ॲन अमेरिकन एक्झोडस' हे पुस्तक आले. छायाचित्रांखाली त्या त्या माणसांचेच उद्गार छापण्याची कल्पना तेव्हा नवी होती. दुर्दैवाने युद्धाचे नगारे वाजू लागले होते आणि त्याच वर्षी आलेल्या जॉन स्टाइनबेक यांच्या 'द ग्रेप्स ऑफ राथ' या कादंबरीने सारे लक्ष खेचून घेतले. स्टाइनबेक यांच्या मजुरांवरील लेखांच्या पुस्तिकेवर एक वर्ष आधी लँग यांचेच छायाचित्र झळकले होते. इकडे स्ट्रायकर यांच्याशी लँग यांचे खटके उडतच होते. निगेटिव्ह वॉशिंग्टनला पाठवाव्यात असा नियम, तर चित्र आपल्या देखरेखीखाली छापले जावे असा लँग यांचा हट्ट. 'मायग्रंट मदर'च्या कोपऱ्यात दिसणारा राहुटीच्या खांबावरचा एक अंगठा त्यांनी मूळ निगेटिव्हवरूनच पुसून घेतला, तेव्हा स्ट्रायकर संतापले. कात्री लागली की आधी लँग यांच्यावर, असा प्रकार दोन-तीनदा झाला आणि १९४० च्या आरंभी त्यांची नोकरी कायमची संपली.

यानंतरचे त्यांचे काम अनेक जाणकारांना मंदीच्या चित्रांइतकेच मोलाचे वाटते. १९४१ साली त्यांना छायाचित्रणासाठी गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली. डिसेंबरमध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि ते काम अर्धवट राहिले. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ वर सही केली. पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार माणसांना घरेदारे सोडून छावण्यांत जावे लागले. त्यांपैकी दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होते. या स्थलांतराची नोंद करण्यासाठी सरकारने लँग यांना नेमले. सारे कसे शिस्तीत आणि माणुसकीने पार पडले, हे दिसावे अशी अपेक्षा होती.

लँग यांना दुसरेच दिसले. ज्या सरकारच्या मदतीची बाजू त्यांनी पाच वर्षे चित्रांतून मांडली, तेच सरकार आता माणसांच्या कोटाला सामानासारख्या चिठ्ठ्या बांधत होते. काटेरी तारा, टेहळणीचे मनोरे, बंदूकधारी पहारेकरी टिपण्यास मनाई होती. लँग यांनी उरलेले सारे टिपले. ओकलंडमधील एका दुकानाच्या दर्शनी भागावर आपण अमेरिकी असल्याचे सांगणारा मालकाचा मोठा फलक, शाळेत छातीवर हात ठेवून राष्ट्रध्वजाला वंदन करणाऱ्या जपानी वंशाच्या लहान मुली, घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरील तबेल्यांत मांडलेले संसार, मान्झानारच्या धुळीत फडफडणारा ध्वज. काही महिन्यांत त्यांनी सुमारे आठशे चित्रे घेतली. लष्कराने ती पाहिली आणि जप्त केली. काही प्रिंटवर तसा शेराही मारला गेला. युद्धानंतर ती गाजावाजा न होता राष्ट्रीय अभिलेखागारात दाखल झाली.

युद्धकाळातच ॲन्सेल ॲडम्स यांच्याबरोबर त्यांनी रिचमंडच्या जहाज कारखान्यांतील स्त्री-पुरुष कामगारांची चित्रे काढली. १९४५ साली सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेची परिषद भरली, त्या कामाच्या धावपळीत त्या कोसळल्या. पोटातील व्रणांनी त्यांना पुढची काही वर्षे कॅमेऱ्यापासून जवळजवळ दूर ठेवले. १९५२ मध्ये 'ॲपर्चर' हे छायाचित्रणाला वाहिलेले नियतकालिक सुरू करणाऱ्यांत त्या होत्या. एडवर्ड स्टायकेन यांच्या १९५५ मधील 'द फॅमिली ऑफ मॅन' या विख्यात प्रदर्शनात निपोमोचे चित्र होते. जगभर फिरलेले हे प्रदर्शन मुंबईतही दाखवले गेले. १९५४ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकासाठी त्या आयर्लंडला गेल्या, तेव्हा मजकूर लिहायला सोबत थोरला मुलगा डॅनियल होता. लहानपणी दूर ठेवल्याचा राग मनात धरून पौगंडावस्थेत भरकटलेला हा मुलगा आता लेखक झाला होता. आईच्या कामाविषयी त्याने पुढे लिहिलेही.

१९६४ साली लँग यांना अन्ननलिकेचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांच्या समग्र कामाचे प्रदर्शन ठरवले होते. या संग्रहालयाने एका स्त्री छायाचित्रकाराचा असा सन्मान करण्याची ती पहिलीच वेळ होती. उपचारांच्या चक्रातून वेळ काढून लँग बर्कलीच्या घरात जुन्या प्रिंट भिंतीवर लावून पाहत, उतरवत, जोड्या बदलत. संग्रहालयाचे जॉन झारकोव्स्की यांच्याशी त्यांचे चित्रांच्या निवडीवरून वाद होत. निवड पुरी झाली. ११ ऑक्टोबर १९६५ रोजी, सत्तराव्या वर्षी, लँग यांचे निधन झाले. प्रदर्शन जानेवारी १९६६ मध्ये उघडले. टेलर यांनी त्यांच्या हजारो निगेटिव्ह ओकलंडच्या संग्रहालयाच्या स्वाधीन केल्या.

जपानी छावण्यांची चित्रे तेव्हाही फारशी कोणाच्या माहितीत नव्हती. लँग यांच्या एका माजी साहाय्यकाने आणि त्याच्या पत्नीने १९७२ साली त्यांतील काही चित्रे प्रदर्शनातून आणि पुस्तकातून बाहेर आणली. १९८८ साली अमेरिकी सरकारने कायदा करून छावण्यांत डांबलेल्यांची माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर देऊ केले. लँग यांनी घेतलेल्या त्या चित्रांचा मोठा संग्रह पुस्तकरूपाने निघाला तो २००६ साली. त्या पुस्तकाला नाव दिले गेले ते लष्कराच्या जुन्या शेऱ्याचेच: 'इम्पाउंडेड', म्हणजे जप्त.